तेलाचा वास, गुन्ह्याचा पुरावा

१/ ‘ऑलिव्ह तेल म्हणजे स्पॅनिश स्वयंपाकघराचा अखंड, निर्वेध वारसा’ हे विधान अर्धसत्य आहे.

२/ १४९२ च्या ज्यू-हकालपट्टीचा समकालीन इतिवृत्तकार, धर्मगुरू आंद्रेस बेर्नाल्देस, धर्मांतरित ज्यूंची निंदा करतो ती अशी : हे लोक डुकराच्या चरबीऐवजी तेलात मांस शिजवतात, म्हणून त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येते!

३/ मांस वर्ज्य असलेल्या उपवासाच्या दिवशी ख्रिस्ती घरांतही तेल चाले. तेच तेल मांसात पडले, की मोलकरणीच्या साक्षीने इन्क्विझिशनपुढे तो छुप्या ज्यू-आचरणाचा पुरावा ठरू शके.

४/ २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला वारशाचा मान दिला. मान उचितच, परंतु साक्षीपुराव्यात ओढल्या गेलेल्या त्या कढया वगळून सांगितलेला वारसा हा इतिहास नव्हे, जाहिरात होय.