प्रश्न सांध्याचा आहे

घराचे भाग कारखान्यात घडवावेत आणि जागेवर केवळ जोडावेत, ही कल्पना मुळात कष्टकऱ्यांच्या हिताचीच आहे. १९५० च्या दशकाअखेरीपासून सोव्हिएत संघाने काँक्रीटच्या तयार भिंती जोडून पाचमजली इमारती मोठ्या संख्येने उभारल्या. पाचच मजले, कारण मग लिफ्टचा खर्च टळतो. घरे लहान व एकसुरी होती. परंतु सामायिक घरांत दाटीने राहणाऱ्या लक्षावधी कुटुंबांना त्यांनी स्वतःचे दार दिले.

पूर्व लंडनमधील ‘रोनन पॉइंट’ ही बावीसमजली इमारतही अशाच तंत्राची. १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, भिंत निखळली आणि इमारतीचा एक कोपराच कोसळला. चार जीव गेले. १९८६ मध्ये ती उतरविताना अनेक सांधे नीट भरलेलेच नव्हते, असे आढळले.

भारतातही १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत अशा नव्या तंत्रांच्या गृहप्रकल्पांची पायाभरणी झाली. अशा वेळी गतीचे कौतुक पुरेसे नाही. भिंत कारखान्यात कितीही निर्दोष घडो, सांधा भरणारा हात ठेकेदाराच्या रोजंदारी मजुराचाच असतो. त्या हाताला प्रशिक्षण, कायम नोकरी आणि सदोष काम थांबविण्याचा अधिकार हवा. तपासणी ठेकेदारापासून स्वतंत्र हवी. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. वाचलेला वेळ नफ्याच्या खाती जमा होणार की रहिवाशांच्या सुरक्षिततेच्या, एवढाच वाद आहे. आणि तो चळवळीने आताच लढविला पाहिजे.