नदीचे आत्मवृत्त आणि गणिताचा तास



'नदीचे आत्मवृत्त' हा निबंध आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे लिहिला जातो. डोंगरात उगम, खळाळता प्रवास, काठावरची गावं आणि शेवटी 'माणसाने मला घाण केले' ही तक्रार. पण हा माणूस कोण, ते निबंधात कधीच येत नाही. मग मुलाला एवढंच कळतं की नदीत निर्माल्य टाकायचं नाही. हे शिकवायलाच हवं, पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे मुलांना अर्धंच सांगणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचगंगेचंच उदाहरण घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला ती पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. एवढ्याशा वाटेवर कोल्हापूर आणि इचलकरंजी ही दोन मोठी शहरं, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती आणि कापडाला रंग देणारे प्रोसेस उद्योग आहेत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. अशी कावीळ मैलामिश्रित पाण्यातून पसरते. म्हणजे सगळा दोष कारखान्यांवर ढकलूनही चालणार नाही, शहराच्या गटारांचा वाटाही मोठा आहे. पण कारखान्यांच्या पाण्यासाठी पन्नास वर्षांपासून कायदा आहे आणि तो आपण वर्गात उघडतच नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राने याबाबतीत देशाच्याही आधी पाऊल टाकलं. १९६९ मध्ये राज्याचा कायदा झाला, १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. केंद्राचा जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९७४ चा. त्यानुसार मंडळाच्या संमतीशिवाय कोणत्याही उद्योगाला सांडपाणी बाहेर सोडता येत नाही. रोज किती पाणी सोडायचं आणि ते किती शुद्ध हवं, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. १९८८ च्या दुरुस्तीने नियम मोडणाऱ्याची वीज आणि पाणी तोडण्याचा अधिकार मंडळाला मिळाला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की चालू स्थितीतला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प नसेल, तर कारखाना चालू ठेवता येणार नाही.

मग नदी अशी का? इथे गणिताचा तास कामी येतो.

एक सोपं गणित

पाण्यातली घाण खाताना जिवाणू जो ऑक्सिजन वापरतात, त्याचं माप म्हणजे बीओडी. हा ऑक्सिजन माशांच्या वाट्यातून जातो. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. नदीत अंघोळ करायची, तर मात्र तिचा बीओडी ३ च्या आत हवा. समजा, नदीचा बीओडी २ आहे. तीत मर्यादेतलं, म्हणजे ३० बीओडीचं, एक लिटर पाणी सोडलं. मिश्रण ३ वर राहायला नदीचं किती पाणी लागेल? मुलांना फळ्यावर सोडवू द्या. उत्तर येतं २७ लिटर.

आता मुलांना विचारा, एप्रिल-मे महिन्यात एवढं वाहतं पाणी कुठून येणार? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातलेले, पाणी थांबलेलं, त्यावर जलपर्णी पसरलेली. अशा वेळी प्रत्येक कारखाना आपापल्या कागदावर नियमात असू शकतो आणि तरीही नदी आजारी पडू शकते. कारण मर्यादा एकेका नळाच्या तोंडाशी मोजली जाते, नदीला मात्र सगळ्यांची बेरीज सोसावी लागते. म्हणून नदीत वाहतं पाणी किती आहे, ते पाहून एकूण सोडायच्या पाण्याची मर्यादा ठरली पाहिजे.

आणि हे झालं नियम पाळणाऱ्यांचं. प्रकल्प उभारणं एक आणि तो रोज चालवणं दुसरं, त्याला वीज लागते, रसायनं लागतात, माणसं लागतात. लहान उद्योगाला हा खर्च एकट्याने झेपत नाही, म्हणून सामुदायिक प्रक्रिया केंद्रांची सोय आहे. 'कडक नियमांनी रोजगार जाईल' ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय सामुदायिक केंद्र नीट चालवणं हा आहे, डोळेझाक करणं नव्हे. खाली शिरोळ तालुक्यात शेती करणाऱ्याचाही रोजगारच असतो ना!

केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रात. २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ वर आला, आपला ५५ झाला. दोन्ही वेळा आपणच पहिले! त्यातच २०२४ च्या दुरुस्तीने अनेक गुन्ह्यांची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला आहे. छोट्या उद्योगाला हा दंड जड जाईल, मोठ्याच्या हिशोबात मात्र तो नुसता एक खर्च ठरेल, अशी शंका मला वाटते.

आपण काय करू शकतो?

मंडळ नद्यांच्या पाण्याचे आकडे प्रसिद्ध करतं. जवळच्या नदीचे वर्षभराचे आकडे घेऊन आठवी-नववीच्या मुलांकडून आलेख काढून घ्या. लिटमस कागदाने पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी ते तपासा, मात्र मुलांना पाण्यात उतरवू नका. पालकहो, संमतीपत्रात काय लिहिलंय हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात तक्रार करू शकतो, ही तरतूद कायद्यातच आहे.

आत्मवृत्ताचा निबंध जरूर लिहून घ्या. फक्त त्यातल्या नदीला दयेची याचना करायला लावू नका. तिला तिचा बीओडी सांगू द्या, आणि तो तपासायची जबाबदारी कोणाची आहे, तेही विचारू द्या.