पाककृतीत वाटीशेजारी ग्रॅमही छापा

पाव किलो खवा, तीन वाट्या साखर, दोन मोठे चमचे मैदा. गुलाबजामची कृती आपल्याकडे बहुतेक वेळा अशीच छापून येते. खवा दुकानदाराने तोलून दिलेला, साखर मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या वाटीने. माझी आमटीची वाटी दीडशे मिलिलिटरची, शेजारच्या काकूंची दोनशेची. एकच कृती वाचून त्यांच्या पातेल्यात माझ्यापेक्षा सव्वाशे ग्रॅम साखर जास्त पडणार.

मी डोंबिवलीत घरून दिवाळीचा फराळ करून देते. वाटीशी माझं वैर नाही. दोन वाट्या रव्याला एक वाटी साखर म्हटलं, की वाटी केवढीही असो, लाडवाचं प्रमाण टिकतं. आपल्या आज्यांचा सगळा हिशेब यावरच चालायचा. घोटाळा होतो तो त्याच कृतीत किलो, पाकीट किंवा अंडी शिरली की.

पिठांचं तर विचारूच नका. अडीचशे मिलिलिटरच्या कपात कणीक चमच्याने अलगद भरली तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. तोच कप डब्यात खुपसून दाबून काढला तर दीडशेच्या पुढे जाते.

अनारशांत हे सर्वांत जास्त जाणवतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून फडक्यावर पसरायचे आणि दमट असतानाच दळायचे. मैद्याच्या चाळणीतून उतरलेली ती पिठी इतकी हलकी असते, की वाटी ओट्यावर नुसती आपटली तरी बोटभर खाली बसते. त्यात गूळ किसलेला की चिरलेला, दाबून भरलेला की सैल? गूळ जास्त झाला की अनारसा तुपात हसतो, कमी पडला की कडक होतो. म्हणून माझं प्रमाण वजनावरच: भिजवण्याआधी तांदूळ एक किलो, तर गूळ पाऊण किलो, आणि तो चिक्कीचा नको.

‘आमच्या आईने कधी काटा पाहिला नव्हता,’ असं मला ऐकवतात. खरं आहे. पण ती शेजारी उभी राहून शिकवायची, पीठ हातात देऊन ‘बघ, एवढं सैल हवं’ म्हणायची. आता लेक मेलबर्नला, शिकवणी व्हिडिओ कॉलवर. तिथला मोठा चमचा 20 मिलिलिटरचा, आपल्याकडे मिळणाऱ्या मापाच्या संचातला 15चा. चकलीला ‘दोन मोठे चमचे मोहन’ तिने कुठल्या चमच्याने घालायचं?

बाजारानेही मापं बदललीच की. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली; त्यात शीग लावायची की सपाट, यावर वाद व्हायचे. 1956च्या कायद्यानंतर हळूहळू किलो आला. तेलाचं तर अगदी अलीकडचं. तेल तापलं की फुगतं: एक लिटर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 893च्या आसपास. म्हणून 2022 मध्ये केंद्राने तेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून टाकायला आणि लिटरसोबत अचूक वजन छापायला सांगितलं. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला ग्रॅम हवेत, मग त्याच तेलाची शेव करताना का नकोत?

हिंग, सोडा खुशाल चिमटीने आणि चमच्याने घ्या. एक-दोन ग्रॅमला घरचा काटा भरवशाचा नसतो. पीठ, साखर, गूळ, तूप यांना मात्र वजनच हवं. दिवाळी अंकांच्या आणि पुरवण्यांच्या संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे: यंदा फराळाच्या कृती मागवताना प्रत्येकीकडून वजनंही मागा. तिने नेहमीच्याच वाटीने, नेहमीच्याच हाताने पीठ घ्यावं, छापण्याआधी एकदा काट्यावर ठेवावं आणि आकडा कंसात लिहून पाठवावा.