प्लास्टिकच्या कागदात काय घातले, ते बिलावर लिहा!



खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश किती टक्के ते छापलेले असते. औषधाच्या बाटलीवर घटक असतो, बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचा टक्का असतो. पण द्राक्षबागेवर, पॉलिहाऊसवर किंवा बेदाण्याच्या रॅकवर टाकायचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद आपण कर्ज काढून घेतो, त्याच्या बिलावर काय असते? '200 मायक्रॉन, यूव्ही.' संपले. तीन वर्षे टिकेल असे तोंडी सांगितलेला कागद दुसऱ्याच उन्हाळ्यात पाइपच्या रेषेवर फाटू लागला, की विक्रेता म्हणतो, "तुम्ही गंधक मारले असणार." गंधक मारलेले असतेच. मग वाद मिटतो आणि नुकसान आपल्या पदरात पडते.

आता हा प्रश्न चार हौशी पॉलिहाऊसवाल्यांचा राहिलेला नाही. ऑक्टोबर 2019 च्या आणि डिसेंबर 2021 च्या अवकाळी पावसाने तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या बागांत जे केले ते सर्वांनी पाहिले. कुठे घडकुज, कुठे मणी तडकले. त्यानंतर बागेवर आच्छादन हवे, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. साताऱ्याकडे फुलांची आणि ढोबळी मिरचीची पॉलिहाऊसे आहेतच. म्हणजे हा कागद आता आपल्या उत्पादनखर्चातली कायमची बाब झाली. तेव्हा तो का टिकतो आणि का फाटतो, हे आपल्याला समजलेच पाहिजे.

शेंगतेल उघडे राहिले की खवट होते. हवेतला प्राणवायू तेलाच्या एका रेणूला बिघडवतो, तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळी लागते. प्लास्टिकचेही असेच होते. कारखान्यात प्लास्टिकचा दाणा 200 अंशांच्या आसपास वितळवून त्याचा फुगा करतात आणि फुग्याचा कागद होतो. हा खवटपणा तिथूनच सुरू होऊ शकतो. तो रोखायला दाण्यात अँटिऑक्सिडंट घालतात. ती मुख्यतः दोन जातींची. फॉस्फाइट गटातली द्रव्ये वितळवतानाच्या उष्णतेत कामी येतात आणि बरीचशी तिथेच खर्ची पडतात. फिनॉल गटातली पुढेही काही काळ राखण करतात. 25 किलो दाण्याच्या पोत्यामागे ही द्रव्ये साधारण 25 ते 50 ग्रॅम लागतात. बीएचटीसारखे स्वस्त फिनॉल पातळ कागदातून उडून जाते आणि कागद पिवळा पाडू शकते. उलट चांगले द्रव्यही गरजेपेक्षा जास्त घातले तर ते पृष्ठभागावर पावडरीसारखे फुटून येते आणि कागद धुरकट होतो. म्हणजे 'जास्त घाला' हा उपाय नाही, योग्य जात निवडणे हा उपाय आहे.

पण एवढ्याने ऊन सोसत नाही. ठिबकची नळी आणि शेततळ्याचा कागद काळा का असतो? त्यात काजळी असते आणि ती उन्हातले अतिनील किरण शोषून घेते. तिच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा रक्षक दुसरा नाही. आपल्याला मात्र पिकासाठी उजेड हवा, म्हणून पारदर्शक कागदात काजळी चालत नाही. तिच्या जागी बहुतेक 'हाल्स' नावाच्या गटातली द्रव्ये घालतात. नाव हाल्स, पण ते कमी पडले की शेतकऱ्याचे हाल! अँटिऑक्सिडंट कारखान्यातून कागद धडपणे बाहेर काढते, हाल्स त्याला उन्हात उभे ठेवते. दोन्ही लागतात. कागद काचेसारखा चकचकीत दिसतो यावरून यातले एकही कळत नाही.

आता आपल्या मर्मावर येऊ. नेहमीचे हाल्स अल्कधर्मी असते आणि आम्ल लागले की निकामी होते. आपण भुरीसाठी गंधक मारतो. मॅन्कोझेब, प्रोपिनेब यांच्या रेणूतही गंधक असते. काही औषधांत क्लोरीन असते. ऊन आणि दमट हवा लागून या अवशेषांतून आम्ल तयार होते. आच्छादनाखालची फवारणी कागदाच्या आतल्या अंगाला लागते आणि तिथे पाऊस पोचत नसल्याने ती धुतलीही जात नाही. बेदाण्याच्या रॅकला कागद गुंडाळून गंधकाची धुरी देतो, तेव्हा तर आम्लाचा वायू थेट कागदावर जातो. शेतकी पदवीच्या वर्गात गंधकाची मात्रा पाठ करून घेतली जात होती, पण डोक्यावरच्या कागदाचे काय होते हे तिथे कोणी सांगितले नाही.

यावर शास्त्राकडे उत्तर आहे. आम्लाने सहज निकामी न होणारी, कमी अल्कधर्मी हाल्सची नवी जात उपलब्ध आहे. त्याआधी निकेलयुक्त द्रव्ये वापरत. त्यांनी कागदाला हिरवट-पिवळी झाक येते, पण ती गंधकाला बऱ्यापैकी तोंड देतात. निकेल हा जड धातू असल्याने जुना कागद कुठे टाकायचा हा प्रश्न मात्र उरतो. नवी जात महाग पडते. ज्याच्याकडे गंधक फारसे लागत नाही त्याने ती घेण्याचे कारण नाही. द्राक्षवाल्याने मात्र साधा कागद स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये. निवड पिकाच्या फवारणीवरून करायची. पण निवडायचे तर माल काय आहे हे कळले पाहिजे ना? हरितगृहाच्या अनुदानाच्या निकषांत आयएस 15827 चा उल्लेख असतो, 'अँटी सल्फर' हे शब्दही असतात. पण किती गंधकापर्यंत? तो आकडा शेतकऱ्याच्या हातातल्या बिलावर येत नाही.

कारखानदार म्हणतील, मिश्रण हे आमचे व्यापारी गुपित आहे. असू द्या. आम्हाला तुमची पाककृती नको. द्रव्याचा गट कोणता आणि कागद किती गंधक, किती क्लोरीन सोसतो, एवढेच हवे. वॉरंटी नाकारताना ही मर्यादा तुम्ही पुढे करता, मग माल विकताना ती लपवण्याचे कारण काय?

यासाठी सरकारने आणखी एक इन्स्पेक्टर नेमावा, असे आम्ही म्हणणार नाही. इन्स्पेक्टर आला की त्याचाही हप्ता कागदाच्या किमतीत चढेल. लेखी करार आणि खुली निवड, एवढे पुरे आहे. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे, हे मान्य केले. ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे, पण आत जायला कागदपत्र लागते, तोंडी शब्द चालत नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यात पुढील ठराव मांडावा, असे मी सुचवतो.

1. बिलावर बॅच क्रमांक, जाडी, हाल्सचा गट, वॉरंटीची मुदत आणि गंधक-क्लोरीनची मर्यादा मराठीत लिहून दिल्याशिवाय कोणी पैसे देऊ नयेत.

2. एका गावाने, एका गटाने कागद एकत्र घ्यावा आणि त्यातला एक नमुना छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. इथे एक सावधगिरी हवी. 'ओआयटी' नावाच्या चाचणीत तापवलेले प्लास्टिक प्राणवायूत किती मिनिटे तग धरते ते पाहतात. त्यात अँटिऑक्सिडंट कळते, हाल्स कळत नाही. तो अहवाल दाखवून कोणी उन्हाची हमी देत असेल तर फसू नका. कृत्रिम उन्हाची चाचणी आणि त्यानंतर उरलेली ताण सोसण्याची क्षमता मागा.

3. प्रत्येक बॅचचा मीटरभर कागद क्रमांक लिहून अंधारात जपून ठेवावा. फवारणीची वही ठेवावी. उद्या भांडायचे झाले तर हेच साक्षीदार. तापलेल्या लोखंडी पाइपला कागद चिकटतो तिथे आधी फाटतो, म्हणून पाइपला पांढरा रंग द्यावा. आपली बाजू आपण चोख ठेवली तरच समोरच्याला जाब विचारता येतो.

4. अनुदान द्यायचेच असेल तर ते शेतकऱ्याच्या खात्यात द्यावे आणि कागद कोणाकडून घ्यायचा हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. ठरावीक पुरवठादारांच्या यादीने माल सुधारत नाही, फक्त भाव चढतो.

तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य आपण मागतो, ते मागितलेच पाहिजे. पण विकत घेतलेल्या तंत्रज्ञानात काय आहे हेच माहीत नसेल, तर ते स्वातंत्र्य विक्रेत्याचे ठरते, आपले नाही. घामाच्या दामाची लढाई माल विकताना जशी असते, तशीच ती माल घेतानाही असते. पोत्यामागे पन्नास ग्रॅमचा हा हिशेब आहे. तो आपण मागितला नाही, तर आपणहून कोणी देणार नाही.