सेवेच्या संस्थेतली नोकरी

म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट सुरू केली आणि एच. डी. कोटे तालुक्यातल्या आदिवासींमध्ये काम उभे केले. सत्य, अहिंसा, सेवा आणि त्याग ही संस्थेची चार मूल्ये. त्याग स्वतःहून पत्करलेल्यांनी ती घडवली. पण सामाजिक संस्थेत पगारावर रुजू झालेल्या प्रोग्रामरकडून तोच त्याग गृहीत धरणे अन्यायाचे आहे.

नागरी तंत्रज्ञानाच्या संस्थांना हे विशेष लागू पडते. ‘प्रजा फाउंडेशन’ने २००३ मध्ये मुंबई महापालिकेसाठी ऑनलाइन तक्रार व्यवस्था उभारली, त्याच वर्षी बंगळूरमध्ये ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन सुरू झाले. मालमत्ता कर, दाखले, तक्रारी यांची सॉफ्टवेअर एकदा बनवून संपत नाहीत. कराचे दर बदलतात, नियम बदलतात, भरण्याच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो आणि कुणाला तरी रात्रभर जागावे लागते. देणगी मात्र बहुधा मुदतबंद प्रकल्पासाठी येते. त्यात परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. चणचण झाली की पहिला घाव पगारावर बसतो.

सेवाभावी संस्थेतल्या पगारी माणसाला कामगाराचे हक्क असतात का, या प्रश्नाचे उत्तर कर्नाटकातल्याच एका खटल्यात मिळाले होते. बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून कामगारांकडून दंड वसूल केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी बहुमताच्या निकालात मालकाची परोपकारी वृत्ती आणि कामगाराचा हक्क वेगळे काढले. स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी संस्था निराळी. पगारी माणसे नेमून पद्धतशीर काम करणारी संस्था, धर्मादाय असली तरी, ‘उद्योग’ ठरते आणि कामगार कायदा तिला लागू होतो, असे त्या निकालाने ठरवले.

ही भूमिका योग्यच होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र धर्मादाय आणि समाजसेवी संस्थांना ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली.

कायद्याने सोडले म्हणून संस्थांनी सोडू नये. म्हैसूरमध्ये इन्फोसिसचे विशाल प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकलेली मुले नागरी कामाकडे वळावीत असे वाटत असेल तर त्यांना स्पष्ट नियुक्तिपत्र, ठरलेले तास आणि रात्रीच्या कामाची बदली रजा द्यावी लागेल. दहा कर्मचारी असले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीचीच आहे. महापालिकेकडे हिशेब मागणाऱ्या संस्थेने आपल्या पगारश्रेणीही वार्षिक अहवालात छापाव्यात. आणि देणगीदारांनी नव्या ॲपसोबत पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचे पगारही मंजूर करावेत.