मूडची वाट बघू नका

‘जरा बाहेर पड, स्वतःला बिझी ठेव, बरं वाटेल.’ डिप्रेशनमधल्या मित्राला आपण सगळे हेच सांगतो. तो मान डोलावतो आणि पुन्हा रूमवर जाऊन झोपतो. मग आपण म्हणतो, यालाच बरं व्हायचं नाहीये.

गंमत म्हणजे आपला सल्ला चुकीचा नसतो, अर्धवट असतो. ‘बिहेव्हिअरल अ‍ॅक्टिव्हेशन’ ही उपचारपद्धती याच मुद्द्यावर उभी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात तिचा पाया घातला. डिप्रेशनमध्ये माणूस लेक्चर, मित्र, क्रिकेट सगळंच टाळायला लागतो. टाळलं की आनंदाचे क्षण कमी होतात, अजून उदास वाटतं आणि अजून टाळलं जातं. हे चक्र तोडायचं तर आधी कृती. मूड मागून येतो.

पण कृती कोणती? इथेच आपला सल्ला फसतो. थेरपीत आधी नोंद ठेवतात: दिवसभरात काय केलं, तेव्हा कसं वाटलं. मग त्या माणसाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी निवडून त्यांचे छोटे तुकडे पाडतात. ‘जिम लाव’ असं नाही, तर ‘मंगळवारी पाच वाजता टपरीपर्यंत चालत जा’. नाही जमलं तर लेक्चरबाजी नाही. मध्ये काय आडवं आलं, ते शोधायचं.

यासाठी प्रत्येक वेळी मोठा डॉक्टरच लागतो असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. त्यातल्या साधारण निम्म्या रुग्णांना खास प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक सहा ते आठ वेळा भेटले. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेत.

आरोग्य केंद्रात जे जमलं, ते कॉलेजमध्ये का जमू नये? दहा ऑक्टोबरला पोस्टर स्पर्धा घेण्यापेक्षा चार-पाच जणांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नीट ट्रेनिंग द्या. ही मागणी आपणच करायला हवी.

तोवर मित्राला ‘बिझी राहा’ म्हणू नका. ‘पाच वाजता खाली येतोय, दहा मिनिटं चालू’ म्हणा. ही थेरपी नाही, सोबत आहे. आणि तो जीव देण्याचं बोलला, तर एकटं सोडू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत नंबर लगेच फिरवा.