या मेसेजचा रावी कोण?

समाजमाध्यमं आणि पत्रकारिता या विषयावर दापोलीत नुकतंच एक दिवसाचं चर्चासत्र झालं. आंजर्ल्याहून आम्ही तिघे शिक्षक सकाळच्या एसटीने गेलो. सभागृहात शिक्षक होते, कॉलेजची मुलं होती आणि तालुक्यातले चार-पाच वार्ताहर होते. आपल्या समाजाची माणसं मोजकीच होती. भाषणं ऐकून परत यायचं एवढंच मनात होतं, पण एका मुलाने विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

तो मुलगा आपल्यातलाच. उठून म्हणाला, २०२० साली टीव्हीने आमच्यावर कोरोना पसरवल्याचा आरोप केला, मग आता आम्ही पेपरवर आणि चॅनलवर विश्वास का ठेवायचा? आमच्या ग्रुपवर येतं तेच आम्ही खरं मानतो. सभागृह थोडा वेळ गप्प झालं. व्यासपीठावरून उत्तर आलं, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर आमचंही झालं नाही.

त्याच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. तबलिगी जमातीच्या नावाने त्या वर्षी काय काय दाखवलं गेलं ते आपण विसरलेलो नाही. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. वृत्तपत्रं आणि वाहिन्यांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं, असं न्यायालयाने निकालात नोंदवलं. आरोप रोज रात्री तासन्‌तास चालला होता. निकालाच्या बातमीला तेवढा वेळ कुठल्या चॅनलवर मिळाल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

त्याच्याही आधीचं उदाहरण मोहसीन शेखचं. सोलापूरचा हा तरुण पुण्यात आयटीत नोकरी करत होता. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची बदनामी करणारी चित्रं फेसबुकवर फिरली, त्यावरून पुण्यात तणाव झाला आणि २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये त्याला मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मोबाईलवरच्या एका गोष्टीची किंमत आपल्यातल्या एका घराने अशी मोजली आहे. म्हणून त्या मुलाचा राग आम्हाला समजतो.

पण प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं काय? आपल्या ग्रुपवर येतं ते सगळं खरं असतं का?

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना लस द्यायची होती आणि बराच भार शाळांवर होता. त्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर मेसेज फिरू लागले, की ही सुई घेतली की पुढे मुलं होणार नाहीत, मुसलमानांची संख्या कमी करायचा हा डाव आहे. आम्ही तेव्हा ज्या शाळेत होतो तिथे लसीच्या दिवशी कितीतरी बाक रिकामे होते. आम्ही घरोघर गेलो. एका अम्मीने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "सर, तुमच्यावर भरोसा आहे, पण मेसेज आपल्याच माणसाने पाठवलाय ना."

आपल्याच माणसाने. त्या माणसाकडे तो कुठून आला, हे ना तिला माहीत होतं, ना त्या माणसाला. पुढे २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला, मालेगाव-भिवंडीतही पसरला. लहान मुलं दगावली आणि त्यांत लस न घेतलेली जास्त होती. कोविडच्या काळात लसी चुकल्या हे त्याचं मोठं कारण होतंच, पण सुईबद्दलची भीतीही होती. ही भीती कुठल्या चॅनलने आपल्या घरात आणली नव्हती. ती आपण एकमेकांना पाठवली होती.

अफवा जात-धर्म बघत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज त्या भागात फिरत होते, एवढंच निमित्त झालं. देशभर अशा घटना घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. या बंधनांनी वेग कमी होतो. पण मेसेज खरा की खोटा हे कंपनी ठरवत नाही आणि ठरवू शकतही नाही.

मग सरकारने ठरवावं का? केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कामकाजाविषयीचा मजकूर खरा की खोटा हे सांगणारं स्वतःचंच पथक नेमण्याची तरतूद केली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. आम्हाला हा निकाल योग्य वाटतो. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानेच तिचा न्याय कसा करायचा? पण कंपनी नाही, सरकारही नाही, तर उरलं कोण? बातमी देणारा उरला आणि ती पुढे पाठवणारा उरला. म्हणजे आपणच.

चर्चासत्रात तालुक्याच्या वार्ताहरांनी आपली हालत सांगितली. पगार नावालाच, जाहिरात आणली तर कमिशन, गाडीचं पेट्रोल खिशातून. तरीही बातमीखाली आपलं नाव असतं, चूक झाली तर लोक घरी येऊन जाब विचारतात, असं एक जण म्हणाले. आम्हाला फरक इथे दिसला. त्यांच्या बातमीला नाव आहे, गाव आहे, तारीख आहे. आपल्या फॉरवर्डला यातलं काहीच नसतं.

खरं म्हणजे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. हदीस कोणी ऐकली, कोणाकडून ऐकली, तो माणूस खरा बोलणारा होता का, त्याची याददाश्त कशी होती, हे तपासण्यात आपल्या बुजुर्गांनी आयुष्यं घालवली. एक एक रावी पारखला. सूरह हुजुरातमध्येही खबर आली तर आधी तहकीक करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. मदरशात हे शिकलेली मुलंच संध्याकाळी फोनवर रावी नसलेला मेसेज पन्नास जणांना पाठवतात. आपण मोठेही तेच करतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आंजर्ल्यात वीज गेली, मोबाईल बंद पडले. तेव्हा खबर माणसाच्या तोंडूनच येत होती. कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या माडा-सुपाऱ्या आडव्या झाल्या, रस्ता कुठे बंद आहे, हे सांगणारा "मी आताच बघून आलो" असं म्हणत होता. चुकला तर दुसऱ्या दिवशी त्यालाच तोंड दाखवायचं होतं. नेटवर्क परत आलं आणि आपली ही सवय गेली.

दापोलीहून परतताना एसटीतच मोहल्ल्याच्या ग्रुपवर मेसेज आला. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती सुरू, उद्या शेवटची तारीख, उत्पन्नाचा दाखला ताबडतोब काढा. खाली साल नाही, कार्यालयाचं नाव नाही. पहिली ते आठवीची ही केंद्राची शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, तेव्हा ती फक्त नववी-दहावीसाठी ठेवली होती. तरी हा मेसेज पुन्हा पुन्हा येतो. तो वाचून कुणीतरी एक दिवसाची मजुरी बुडवून दाखल्यासाठी तालुक्याला जातो आणि हात हलवत परत येतो.

मेसेज टाकणाऱ्या चाचांना आम्ही ग्रुपवर काही बोललो नाही. घरी जाऊन भेटलो. विचारलं, चाचा, हा कुठून आला? म्हणाले, भाच्याने पाठवला. भाच्याला फोन लावला, त्याला कुणा मित्राने पाठवलेला. मित्राला आठवत नव्हतं. रावींची साखळी तिसऱ्याच कडीला तुटली.

आता शाळेत आठवीच्या वर्गाला आम्ही आठवड्यातून एक तास हेच काम देतो. एक मेसेज घ्यायचा आणि चार गोष्टी शोधायच्या: कोणी सांगितलं, कधी, कुठे, आणि त्याला कसं कळलं. मुलं घरी जाऊन अब्बांना हेच विचारतात, अशी तक्रार आमच्याकडे येऊ लागली आहे. या तक्रारीने आम्हाला बरंच वाटतं. सभागृहातल्या त्या मुलालाही आम्ही एवढंच सांगू, की चॅनलला जो प्रश्न विचारतोस तोच आपल्या ग्रुपलाही विचार. चॅनलला जाब विचारायचा आपला हक्क त्याने कमी होत नाही, उलट त्याला वजन येतं.

चाचा दिलदार माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावाने ग्रुपवर लिहिलं, कालचा मेसेज चुकीचा होता, कोणी दाखल्यासाठी जाऊ नये, माफ करा. शिष्यवृत्तीचा मेसेज तोवर कितीतरी ग्रुपवर पोहोचला होता. चाचांची माफी मात्र आमच्या ग्रुपबाहेर कोणी पाठवली नाही.

निदान ती तरी पुढे पाठवा.